दहा वेळा कुलूप ओढून बघणाऱ्या ताईंना

पारोळा तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय, अंगणवाडी सेविका आहेत, वय ४३, नाव छापू नका म्हणाल्या म्हणून छापत नाही. फुलस्केपची तीन पानं, दोन्ही बाजूंनी भरलेली. बाकीच्या वाचणाऱ्यांना कळावं म्हणून त्यातलं मोजकं सांगते. गेल्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, पंधरा दिवस आधी त्यांची आई गेली. आखाजीला लेक माहेरी जाते, निंबाला झोका बांधतात, सांजोऱ्या होतात, आणि त्या वर्षी ताई माहेरी गेल्या त्या आईच्या नावाची घागर भरायला. तेव्हापासून डोकं चालेना. अंगणवाडीत एकाच पोराचं वजन दोनदा केलं आणि दुसऱ्याचं राहूनच गेलं, पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमध्ये तसंच भरलं गेलं, पर्यवेक्षिका मॅडम सगळ्यांसमोर बोलल्या. गॅसवर दूध ठेवलेलं विसरतात, उतू जातं. सख्ख्या भाच्याचं नाव तोंडावर येईना. घराला कुलूप लावलं की चार पावलं जातात, परत येऊन ओढून बघतात, परत जातात, परत येतात, दहा-दहा वेळा, गल्लीतली पोरं हसतात. पहाटे तीन-साडेतीनला जाग येते, मग झोप नाही. जेवणाला चव नाही. पाच महिने झाले, मेडिकलवाल्यानं दिलेली झोपेची गोळी चालू आहे. मिस्टर म्हणतात, "तुझं चित्तच ठिकाणावर नसतं." सासूबाईंना शेवटी विसरण्याचा आजार होता, घरचेच ओळखू येईनात, ते सगळं ताईंनी स्वतःच्या हातानं काढलंय. आणि आता त्यांचा प्रश्न आहे, "माले बी तोच आजार व्हयना का? की मला वेड लागतंय? काम सोडून देऊ का?"

ताई, उत्तर देते, पण त्याआधी एक दुसरंच. तुमच्या दुसऱ्या पानावर कडेला आडवी एक ओळ आहे, "कधी कधी वाटतं झोपावं आणि उठूच नये." तुम्ही जाता जाता लिहिली असेल, मी मात्र तिथंच थांबले. असा विचार मनात येतो तो आजारानं येतो, त्यात तुमचा काही दोष नाही, पण तो एकटीनं सांभाळायचा नसतो. आज हे वाचलं की आजच १४४१६ ला फोन लावा. टेली मानस म्हणतात त्याला, मनाच्या त्रासासाठी सरकारनं चालवलेली फोनसेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं, पैसे लागत नाहीत, चोवीस तास चालू असतं आणि मराठीत बोलता येतं. पहाटे तीनला जाग येते ना, तेव्हा लावला तरी चालतो. दुसरं म्हणजे झोपेच्या गोळ्यांची पट्टी मिस्टरांकडे द्या, त्यांनी रोजची तेवढीच काढून द्यायची. आणि घरात फवारणीचं औषध असेल तर ते कुलपात जाऊ द्या आणि किल्ली दुसऱ्याकडे. हे मी सगळ्यांनाच सांगते, आपल्याकडे ज्या घरात कपाशी आहे त्या घरात औषधाचा डबा असतोच. ती वाईट वेळ येते तशी जातेही, तेवढ्यात हाताशी काही नसलेलं बरं. मिस्टरांना ही ओळ दाखवा. बोलता येत नसेल तर नुसतं बोट ठेवा ओळीवर.

आता तुमच्या प्रश्नाकडे. मी डॉक्टर नाही, सतरा वर्षं समुपदेशन करतेय, त्यामुळे पत्र वाचून आजाराचं नाव ठरवणार नाही, ते डॉक्टरांनी समोर बसवून ठरवायचं. पण मला काय दिसतंय ते सांगते. तुम्ही लिहिलंय की मॅडम बोलल्या तो मंगळवार होता, पावसाची झड होती आणि तुमच्या अंगावर मोरपंखी साडी होती. भाच्याचं नाव आठवेना ते अमळनेरच्या स्टँडवर, आणि मग एसटीत बसल्यावर पाच मिनिटांनी आपोआप आठवलं. ज्या बाईची आठवण पुसली जातेय तिला आपल्या चुकांचा असा वारासकट हिशेब देता येत नाही. सासूबाईंचं आठवा. त्या कधी म्हणाल्या का की मी फार विसरायला लागले म्हणून? बहुतेक नसतील म्हणाल्या, ते तुमच्याच लक्षात आलं असेल, आणि त्या म्हणत असतील मला काही झालं नाही, तुम्हीच माझे पैसे लपवून ठेवता. हा काही पक्का नियम नाही, पण हा फरक डॉक्टरही बघतात. आणि ४३ व्या वर्षी तो आजार फार क्वचित होतो.

मग होतंय काय? आपण सरसकट "विसरले" म्हणतो, पण आठवणीचं काम तीन टप्प्यांत चालतं, आधी गोष्ट आत जाते, मग आत टिकते, आणि लागली की बाहेर निघते. जिनिंग मिलवर कापसाची गाडी नेली आणि काट्यावर न चढवता परस्पर खाली केली तर पावती कुठून निघणार? कापूस तर आत गेलाय, पण त्याची नोंदच नाही. तुमचं बरंचसं तिथंच अडतंय. पोराला वजनकाट्यात बसवलं, डोळ्यांनी आकडा बघितला, पण त्या क्षणी मन दवाखान्यात आईच्या खाटेशी होतं, आकडा मनावर चढलाच नाही. अर्ध्या तासानं तो शोधायला गेलात तर सापडणार कसा. मग तुम्ही म्हणता मी विसरले, आणि घाबरता, आणि घाबरलं की पुढच्या पोराच्या वेळी मन त्या भीतीत असतं, त्याचाही आकडा जातो.

लक्ष म्हणजे काही न संपणारी गोष्ट नाहीये. एका वेळी मनात आपण जेमतेम चार-पाच गोष्टी धरू शकतो, तुम्हीच काय, कोणीही. तुमच्या त्या चार-पाच जागांपैकी एक आईनं धरलीय, एक मॅडमनी, एक "मला काय होतंय" या काळजीनं. उरलेल्या जागेत दूध, कुलूप, भाच्याचं नाव, ट्रॅकर, सगळं कोंबायचं. आजार नसलेल्या माणसाचंही काळजीनं असंच होतं बरं का. तमिळनाडूतल्या ४६४ ऊस लावणाऱ्या शेतकऱ्यांचा एक अभ्यास २०१३ मध्ये सायन्स या नियतकालिकात आला होता, त्यात त्याच शेतकऱ्यांच्या विचारशक्तीच्या चाचण्या दोनदा घेतल्या, एकदा ऊस जायच्या आधी पैशाची ओढाताण असताना, आणि एकदा ऊस जाऊन पैसे हातात आल्यावर. ओढाताणीत कमी पडले, नंतर तेच लोक चांगले उतरले. डोकं तेच होतं, मधे फक्त काळजी कमी झाली. केळीवर रोग आला त्या वर्षी रावेर-यावलकडच्या घरातला बापमाणूस जेवता जेवता घास हातात धरून बसतो, हाक मारली तरी ऐकू येत नाही, हे ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळा अभ्यास सांगायला नको.

नुसत्या काळजीनं एवढं होतं, तर आजारानं किती होईल. डिप्रेशन म्हटलं की लोकांना फक्त रडणं आणि गप्प बसणं दिसतं, डोक्याचं काय होतं ते दिसतच नाही. डॉक्टर जगभर नऊ प्रश्नांचा एक तक्ता वापरतात, त्यातला एक प्रश्न सरळ हाच आहे की पेपर वाचताना, टीव्ही बघताना लक्ष लागतं का. म्हणजे लक्ष न लागणं हे त्या आजाराचं लक्षणच आहे, झोप न येणं जसं लक्षण आहे तसंच. एकच ओळ चार वेळा वाचावी लागते. भाजी कोणती करायची इतकं साधं ठरवता येत नाही, वांगी हातात घेऊन माणूस बाजारात उभा राहतो. समोरचा बोलतो ते जरा उशिरा आत पोचतं आणि उत्तर द्यायला जड जातं. त्यात तुमची पहाटेची झोप गेलेली, आणि दिवसभरात जे शिकलो-बघितलं ते मेंदू पक्कं करतो ते बरंचसं झोपेतच, म्हणजे जे थोडं काट्यावर चढलं होतं तेही नीट रचलं जात नाही. बरेच महिने ताण राहिला की शरीरातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, वाढलेलं राहतं, आणि नव्या आठवणी बनवणारा मेंदूतला जो भाग आहे, हिप्पोकॅम्पस म्हणतात, त्याला ते मानवत नाही. तुम्ही आळशी झालेल्या नाहीत ताई, ह्या सगळ्यात तुम्ही रोज अंगणवाडी उघडताय.

तुमचं पत्र वाचताना मी एक शब्द पेन्सिलीनं गोल करत गेले. कधीच. "आईसाठी मी कधीच काही केलं नाही." "मला कधीच काही जमलं नाही." आणि त्याचा भाऊ, नेहमी. "आई नेहमी कष्टातच राहिली." तीन पानांत नऊ वेळा. ह्याच्यावर मला जरा थांबायचंय, कारण हे फार कमी लोकांना माहीत असतं. १९८६ मध्ये इंग्लंडमध्ये मार्क विल्यम्स आणि कीथ ब्रॉडबेंट या दोघांनी, जीव नकोसा होऊन दवाखान्यात आलेल्या लोकांना "आनंदी" सारखा एकेक शब्द देऊन सांगितलं की यावरून तुमच्या आयुष्यातला एखादा ठराविक प्रसंग सांगा. त्या लोकांना तो ठराविक प्रसंग काढणं फार जड गेलं, ते मोघम बोलत राहिले, आणि पुढे डिप्रेशनच्या पेशंटमध्ये हेच पुन्हा पुन्हा दिसलं. म्हणजे आजारात आठवणी नुसत्या कमी होत नाहीत, त्यांचा गोळा होतो. चाळीस वर्षांचे दिवस एकमेकांत कालवून त्याचं एक "नेहमी" आणि एक "कधीच" उरतं. आणि तो गोळा काळाच असतो, कारण वाईट मनःस्थितीत वाईट आठवणी आधी हाताला लागतात.

माझ्याकडे एक बाई यायच्या, त्यांचीही आई गेली होती. मी म्हटलं, आईबरोबरचा एक दिवस सांगा. म्हणाल्या, आई नेहमी दुसऱ्याच्या शेतात राबायची. मी म्हटलं, ते झालं, पण एक दिवस. म्हणाल्या, सणासुदीला बरं वाटायचं. मी म्हटलं, कोणता सण, कोणत्या साली, कुठे बसला होतात? बराच वेळ गप्प बसल्या. खूप वेळ. मग म्हणाल्या, आई खापरावर मांडे करत होती, पहिला मांडा फाटला, तो तिनं मला दिला, इतका गरम की मी ह्या हातातून त्या हातात करत होते, आणि आई म्हणाली फुंकर घाल गं बाई, जीभ भाजशील. एवढं सांगून त्या रडल्या, पण ते रडणं वेगळं होतं. त्यांना आईचा आवाज ऐकू आला होता, नऊ-दहा महिन्यांत पहिल्यांदा. आठवण आत होतीच, बाहेर निघायची वाट बुजली होती. तुम्हालाही हे करायचंय, त्याच्याकडे शेवटी येते.

आता कुलूप. तुम्ही दहा वेळा ओढून बघता आणि तरी खात्री नाही, उलट जितकं बघाल तितकी शंका वाढते, आणि तुम्हाला वाटतं माझी आठवण इतकी गेली की मिनिटापूर्वी लावलेलं कुलूप आठवत नाही. याचं उत्तर नेदरलँड्समधल्या दोन अभ्यासकांनी २००३ मध्ये काढलं, व्हॅन डेन हाउट आणि किंट. त्यांनी धडधाकट कॉलेजच्या मुलामुलींना कॉम्प्युटरवरचा गॅसचा शेगडा दिला, बटणं चालू करा, बंद करा, तपासा, असं वीस वेळा. दुसऱ्या गटाला मधल्या काळात दिवे तपासायला लावले, गॅस फक्त पहिल्यांदा आणि शेवटी. मग विचारलं, शेवटच्या वेळी कोणती बटणं होती? दोन्ही गटांची उत्तरं सारखीच बरोबर आली. पण ज्यांनी गॅस पुन्हा पुन्हा तपासला होता त्यांना ते चित्र पुसट दिसायला लागलं होतं आणि स्वतःच्या आठवणीवर त्यांचा भरवसा उडाला होता. कसलाही आजार नसलेली पोरं होती ती! म्हणजे तपासल्यानं आठवण पक्की होत नाही ताई, वीस वेळांचं एकावर एक बसून सगळं धूसर होतं, रोज त्याच हातानं तेच कुलूप, कालचं कोणतं आणि आत्ताचं कोणतं.

म्हणून एकदा लावा, एकदाच ओढा, त्याकडे नीट बघा आणि निघा. शंका येणार. येऊ द्या, तिला बरोबर घेऊन अंगणवाडीपर्यंत चाला, परत फिरू नका. पहिले आठ-दहा दिवस छातीत धडधडेल, मग कमी होतं. मोबाइलवर फोटो काढून ठेवू का असं बऱ्याच जणी विचारतात, मी नको म्हणते, मग माणूस फोटो दहा वेळा बघतो. आणि एकट्यानं जमत नसेल, किंवा हात धुणं, मोजणं असं अजून काही असेल तर डॉक्टरांना हे वेगळं सांगा, लाजू नका, याच्यावर चांगली थेरपी आहे.

तुम्ही सासूबाईंच्या आजाराची भीती लिहिली म्हणून माझ्या वडिलांचं सांगते. अमळनेरला आमचं कापसाच्या दलालीचं काम होतं, ते बंद केलं तेव्हा वडील ६६ वर्षांचे होते. चार-सहा महिन्यांत ते इतके बदलले की आम्ही धरूनच चाललो, बाबांना म्हातारपणाचा विसरण्याचा आजार लागला. अंघोळ केली का विचारलं तर माहीत नाही. जेवलात का, माहीत नाही. मोठ्या नातवाचं नाव विचारलं तर मान फिरवायचे. भाऊ म्हणाला आता काय, सांभाळायचं. धुळ्याला डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी वार विचारला, बाबा म्हणाले माहीत नाही. साल विचारलं, माहीत नाही. डॉक्टर आम्हाला म्हणाले, नीट बघा, हे चुकीचं उत्तर देत नाहीयेत, हे उत्तर शोधायलाच जात नाहीयेत. मग त्यांनी पाच शब्द सांगितले आणि थोड्या वेळानं विचारले, बाबांना एकही आला नाही. पण पर्याय दिले, आंबा होता का पेरू होता, तर पाचातले चार बरोबर. शब्द आत गेले होते! डिप्रेशनचं औषध सुरू झालं. तिसऱ्या महिन्यात एक दिवस बाबा ओसरीवर बसून शेजाऱ्याला कोणत्या गावच्या कापसाचा धागा किती लांब ते सांगत होते आणि आई आतून पदर तोंडाला लावून ऐकत होती. मला अजून वाईट वाटतं की आम्ही आठ महिने घालवले, फक्त म्हातारपण म्हणून. वयस्कर माणसात दोन्ही आजार एकत्रही असू शकतात, डिप्रेशनच्या मागून दुसरा आजार येऊ शकतो, म्हणून बरं वाटलं तरी त्यांना वर्षा-सहा महिन्यांनी दाखवत राहायचं असतं. पण न दाखवता घरीच ठरवून टाकायचं नाही.

ह्याच महिन्यात नंदुरबारकडून एका वडिलांचं पत्र होतं, त्यांनाही इथंच उत्तर देते कारण विषय तोच. त्यांच्या २४ वर्षांच्या मुलाला स्किझोफ्रेनिया आहे, गोळ्यांनी कानातले आवाज थांबले, पण दुकानात पाठवलं तर चारातल्या दोन वस्तू आणतो, सांगितलेलं अर्ध्यात सोडतो, बसून राहतो, "आता तर बरा आहे, मग आळस का?" दादा, तो आळस नाही. ह्या आजारात लक्ष आणि विचारांची जुळणी बिघडणं हे मुळातच असतं, इतकं की एमिल क्रेपलिन नावाच्या जर्मन डॉक्टरनं एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ह्या आजाराला अकाली बुद्धिभ्रंश अशाच अर्थाचं नाव दिलं होतं, ते नंतर चुकीचं ठरून बदललं. गोळ्या भासांवर चांगल्या चालतात, ह्या भागावर तितक्या चालत नाहीत. त्याला एका वेळी एकच काम सांगा, चिठ्ठी हातात द्या, रोजची वेळ तीच ठेवा, आणि लक्ष-स्मरणाचा सराव करून घेणारी ट्रेनिंग असते त्याबद्दल डॉक्टरांना विचारा. चार वस्तूंतल्या दोन आणल्या तर त्या दोन आणल्याबद्दल बोला.

परत तुमच्याकडे ताई. ती झोपेची गोळी. तुम्ही नाव लिहिलंय, मी छापत नाही, पण ती ज्या जातीची आहे त्या गोळ्या स्वतःच आठवण मंद करतात, रात्री घेतली की दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस डोकं जड, आणि नवीन गोष्ट पक्की व्हायला त्रास. वर सवय लागते. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती द्यायचीच नसते, पाच महिने तर नाहीच. पण, आणि हे नीट वाचा, उद्यापासून एकदम बंद करू नका. पाच महिन्यांनी एकदम सोडली तर झोप पार जाते, थरथर सुटते, कुणाला फिटही येते. डॉक्टर हळूहळू उतरवून देतील.

आणि रक्त तपासा. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन, साखर. आपल्याकडे शाकाहारी बायकांत बी-१२ कमी निघणं अगदी रोजचं आहे, आणि थायरॉइड किंवा बी-१२ दोन्ही हुबेहूब असंच करतात, सुस्ती, उदासी, विसरणं. पाळीत बदल झालेत का तेही सांगा, ह्या वयात त्यानंही झोप आणि लक्ष बिघडतं. असलं काही निघालं तर निम्मं काम तिथंच होईल.

तुम्हाला धुळं जवळ पडतं. भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्यात मनोविकार विभाग आहे, जळगाव सोयीचं असेल तर तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजात आहे, केस पेपर काढायचा आणि बसायचं. मनाच्या आजारावर सरकारी दवाखान्यात उपचार मिळणं हा २०१७ च्या कायद्यानं दिलेला हक्क आहे, उपकार नाहीत. गावात कुणीतरी म्हणेलच बाहेरचं आहे, उतारा करा. आपल्या खानदेशातल्या कानबाई देवीला नवस बोलायचा तर जरूर बोला, मी स्वतः दरवर्षी तिच्या रोटाला बसते, पण कानबाईनं कुणाला डॉक्टरकडे जाऊ नको असं सांगितलेलं नाही. डॉक्टरांसमोर गेलात की घाबरून सगळं विसराल, म्हणून हे पत्र जसं मला लिहिलंत तसंच एक पान लिहून न्या, आणि कडेची ती ओळ त्यात सगळ्यात वर लिहा.

गोळ्या दिल्या तर पहिल्या आठवड्यात काही वाटणार नाही. उलट तोंड कोरडं, मळमळ, असलं काहीतरी आधी जाणवतं, आणि बहुतेक लोक तिथंच सोडतात. फरक पडायला दोन ते चार आठवडे, कधी सहा. आधी झोप सुधारते, मग मन, आणि डोकं सगळ्यात शेवटी. हे आधीच सांगून ठेवते, कारण दोन महिन्यांनी रडू थांबेल, भूक लागेल आणि तरीही दूध उतू जाईल, आणि तुम्ही म्हणाल की बघा, तो दुसराच आजार आहे. नाही. लक्ष आणि आठवण मागून येते, काही जणांचं थोडं राहूनही जातं, ते डॉक्टरांना सांगायचं म्हणजे ते औषध बघतात. बरं वाटलं म्हणून गोळी बंद करायची नाही, बरं वाटल्यावरही निदान सहा महिने चालू ठेवायची असते.

काम सोडू नका. सोडायचंच असेल तर बरं झाल्यावर ठरवा, आजारात मोठे निर्णय घ्यायचे नाहीत कारण ठरवणारं डोकंच आजारी आहे. तोवर डोक्यावरचं ओझं कागदावर टाका. पोराला काट्यात बसवलं की आकडा मोठ्यानं म्हणा, मदतनीस ताईंना ऐकू जाईल असा, आणि तिथल्या तिथं वहीत लिहा, ट्रॅकरमध्ये नंतर भरा. वजनाच्या दिवशी दुसरं काम धरू नका. लिहायचं अवघड काम सकाळी नको, तुमची सकाळ जड जाते असं दिसतंय, ते अकरानंतर करा. दूध गॅसवर ठेवलं की तिथून हलायचं नाही, बाकी काही नाही. आणि पर्यवेक्षिका मॅडमना एकट्यात गाठून एवढं तरी सांगा की आई गेल्यापासून तब्येत ठीक नाही, उपचार घेतेय. सगळं सांगायची गरज नाही. सगळ्यांसमोर बोलणारी माणसंही एकट्यात कधी कधी नीट ऐकतात.

हा भाग मिस्टरांना वाचायला द्या. दादा, बैल लंगडायला लागला तर तुम्ही चाबूक काढत नाही, आधी खूर उचलून बघता, खडा रुतलाय का. "लक्ष दे, लक्ष दे" हे ताईंना चाबकासारखं लागतंय, कारण लक्ष द्यायची जी जागा आहे तीच दुखतेय. तुम्ही वाईट हेतूनं बोलत नाही हे त्यांनीच लिहिलंय, "आमचे हे मनानं चांगले आहेत" असं. मग एवढं करा, धुळ्याला बरोबर जा, बाहेर बाकावर बसायला नाही, आत, खुर्चीवर. गोळी रात्री तुमच्या हातानं द्या. कुलपाच्या वेळी "लावलंय गं" असं दहा वेळा सांगत बसू नका, त्यानंही शंका वाढते, फक्त हात धरून पुढे चालायला लागा. आणि कापसाचे पैसे, लेकीची फी ह्या गोष्टी रात्री झोपायच्या वेळी काढू नका, दुपारी काढा.

राहिली ती वही. ताई, शंभर पानी वही घ्या, ट्रॅकरची नाही, वेगळी. रोज एक प्रसंग, पाच ओळी पुरे. अट एकच, त्यात कधीच आणि नेहमी हे दोन शब्द येऊ द्यायचे नाहीत. आईबरोबरचा एक दिवस, एक तास. आखाजीलाच सुरुवात करा, झोका कोणत्या निंबाला होता, दोर कुणी आणला, सांजोरीत गूळ जास्त झाला होता का, आई कुठे बसली होती, तिच्या हातात काय होतं. पहिल्या दिवशी दोन ओळींतच अडाल, अडलात तरी तारीख टाकून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी परत बसा. दुखेल, पण पहाटे तीनला जो गोळा छातीवर बसतो त्यापेक्षा हे दुखणं बरं. मात्र लिहून जीव जास्तच खाली जातोय असं वाटलं तर थांबा आणि डॉक्टरांना सांगा.

पहिलं पान मला पाठवलंत तर मी वाचेन, नाही पाठवलं तरी चालेल. धुळ्याला कोणत्या दिवशी गेलात तेवढं मात्र कळवा, दोन ओळींचं कार्ड टाका, मी वाट बघतेय.